रिकाम्या पुंगळीचा हिशेब

फैजपूरहून तापी ओलांडून भुसावळला पोहोचलं आणि तिथून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात वरणगाव येतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशाला दारूगोळ्याची टंचाई प्रकर्षाने जाणवली. त्यानंतर १९६४ मध्ये इथे ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली. आपल्या जवानांच्या इन्सास रायफलीत जाणारं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस ही तिची ओळख. २०२१ च्या ऑक्टोबरात देशातल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांची सात सरकारी कंपन्यांत वाटणी झाली, तेव्हा वरणगाव पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेलं. नाव बदललं, काम तेच राहिलं.

काडतूस आपल्या शेजारच्या गावात तयार होतं, पण ते उडाल्यावर मागे उरणाऱ्या पितळी पुंगळीचं काय करायचं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. आणि प्रश्न तर अनेकांपुढे येतो. एनसीसीच्या शिबिरातून परतलेल्या मुलाच्या खिशात एखादी पुंगळी निघते. सुट्टीवर आलेल्या फौजीच्या घरी शोकेसमध्ये दोन-चार मांडलेल्या असतात. रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याकडे त्या डब्यात साठतात. भंगारवाल्याच्या पोत्यात नळांच्या तोट्या आणि समयांच्या तुकड्यांबरोबर त्याही येतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की पुंगळी ही गोळी झाडल्याची पावती आहे, आणि पावती जिथली तिथे जमा झाली पाहिजे. असं का, ते समजायला आधी ही वस्तू नीट पाहायला हवी.

काडतुसात पुढे गोळी, आत दारू, बुडाशी टोपी आणि या तिघांना धरून ठेवणारी पुंगळी असते. घोडा दाबला की रायफलीची पिन टोपीवर आपटते, टोपीतलं संवेदनशील मिश्रण पेटतं, त्याची ज्वाळा दारूला लागते आणि दारूचा वायू होतो. रायफलीत हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साडेतीन ते चार हजार पट चढतो. तेवढ्या क्षणापुरती पुंगळी फुगते, नळीच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, यायला फट ठेवत नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब उतरतो आणि पितळ केसभर आकसून भिंत सोडतं. म्हणून ती पुंगळी ओढून बाहेर टाकता येते. फुगायचं आणि लगेच आकसायचं, ही दोन्ही कामं एकाच धातूने सेकंदाच्या हजाराव्या भागात करायची असतात. नरम तांबं फुगेल, पण आकसणार नाही, आतच अडकून बसेल. फार कडक धातू फुगण्याआधी तडकेल. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त या मिश्रणाला दोन्ही साधतं, म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षं जगभर रायफलीच्या पुंगळ्या प्रामुख्याने याच पितळाच्या होत आल्या आहेत.

ती करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. पितळी पट्टीतून गोल चकती कापतात, दाबून तिची वाटी करतात आणि मग ती वाटी साच्यातून पुनःपुन्हा ओढून लांबवतात. प्रत्येक ओढीने पितळ कडक होतं, म्हणून मधेमधे ते तापवून नरम करावं लागतं. शेवटी बूड कडक ठेवायचं, कारण सगळा मार तिथे बसतो. तोंड आणि मान मात्र नरम ठेवायची, कारण गोळीला तिथेच धरायचं असतं. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या शेवटच्या तापवण्याची खूण असते. पुष्कळांना तो गंज किंवा जुनेपणा वाटतो. तसं काही नसतं, कोऱ्या काडतुसावरही ती झाक असते.

या तापवण्याचं महत्त्व जगाला कळलं ते आपल्या पावसाळ्यामुळे, आणि ही हकीकत खानदेशातल्या विज्ञानाच्या वर्गात जरूर सांगावी अशी आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेकडची काडतुसं पावसाळ्यात पडल्यापडल्या तडकत. कुणी ती झाडलेली नसत, आपटलेली नसत, तरी पुंगळीच्या मानेला उभ्या चिरा जात. बराच काळ याचा उलगडा होईना. पुढे, १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कारण पुढे आलं: अमोनिया. काडतुसं घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत मिसळून पितळावर बसे. साच्यातून ओढताना धातूच्या अंगात जो ताण कोंडून राहिलेला असे, त्या ताणाच्या जागी हा अमोनिया शिरकाव करी आणि पितळ कणाकणाच्या सीवनीतून उकले. उपाय दुहेरी होता. बेताने तापवून धातूतला ताण मोकळा करायचा आणि काडतुसं अमोनियापासून लांब ठेवायची. आजही गोठ्याजवळच्या किंवा युरियाची पोती असलेल्या खोलीत पितळी वस्तू लवकर बिघडतात, त्यामागे हेच रसायन आहे. परवानाधारक शेतकऱ्याने काडतुसं खताच्या खोलीत ठेवू नयेत, हा सल्लाही त्यातूनच निघतो.

आता पुंगळी उलटी करून तिचं बूड पाहा. तिथे अक्षरं आणि आकडे ठोकलेले असतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण इंग्रजी के आणि एफ, वरणगावची ओ, एफ आणि व्ही. सोबत बहुधा वर्षाचे आकडे. पुण्याजवळच्या खडकीत हा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास काडतुसाचं रूपच बदलत होतं. १८५७ च्या उठावात ज्या काडतुसांवरून ठिणगी पडली ती कागदाची होती: दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली, दाताने फाडून नळीत ओतायची. बार झाला की मागे पुंगळी उरायचीच नाही. कुणी किती गोळ्या झाडल्या हे ठरवायला शिपायाच्या पिशवीत किती काडतुसं उरली, एवढाच आधार. पितळी पुंगळी आल्यावर प्रथमच प्रत्येक बाराची एक टणक, मोजता येणारी खूण जमिनीवर पडू लागली.

त्या मोजणीने इतिहासात काय केलं, याचं सगळ्यात दुःखद उदाहरण जालियनवाला बागेचं आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायरच्या हुकुमावरून पॉइंट ३०३ रायफलींतून १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. हा आकडा सरकारदरबारी आला तो रिकाम्या पुंगळ्यांच्या मोजणीतून. मृतांच्या संख्येवर वाद झाले, आजही होतात. गोळ्यांच्या संख्येवर मात्र वाद करायला सरकारला जागा उरली नाही. आजही कुठे पोलिसांचा गोळीबार झाला, की घटनास्थळाच्या पंचनाम्यात पुंगळ्यांची संख्या, त्या कुठे पडल्या आणि बुडावर काय लिहिलं आहे, याची नोंद होते. पोलिसांनी किती गोळ्या झाडल्याचं सांगितलं आणि पुंगळ्या किती मिळाल्या, हे दोन आकडे न्यायालयात शेजारी-शेजारी ठेवले जातात.

आकड्यापलीकडेही पुंगळी बोलते. पिन टोपीवर आपटताना जो खळगा पाडते, बोल्टचा पुढचा भाग बुडावर जे बारीक ओरखडे उठवतो, पुंगळी ओढून काढणारी आकडी कडेवर जी ओढ सोडते, ते सगळं त्या एका बंदुकीचंच असतं. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत कॅल्व्हिन गोडार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन पुंगळ्या एकाच नजरेत शेजारी-शेजारी दाखवणारा सूक्ष्मदर्शक या कामाला लावला, आणि न्यायसहायक विज्ञानाची ही शाखा उभी राहिली. महाराष्ट्रात हे काम मुंबईत कलिन्याला मुख्यालय असलेल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत होतं. धारवाडला ऑगस्ट २०१५ मध्ये एम. एम. कलबुर्गी यांचा आणि बंगळूरला सप्टेंबर २०१७ मध्ये गौरी लंकेश यांचा खून झाला. हे दोन्ही खून एकाच गावठी पिस्तुलाने झाल्याचा निष्कर्ष कर्नाटकच्या प्रयोगशाळेने काढला, तो दोन्ही ठिकाणी मिळालेल्या गोळ्या आणि पुंगळ्या जुळवूनच. कुठे पुंगळी पडलेली दिसली आणि आपण कुतूहलाने उचलून खिशात टाकली, तर एखाद्या कुटुंबाचा न्याय आपण खिशात घालतो आहोत, अशी शक्यता असते. म्हणून रानात, नाल्यात, रस्त्याच्या कडेला पुंगळी दिसली तर तिला हात लावू नये. जागा लक्षात ठेवावी, लांबून फोटो काढावा, ११२ ला फोन करावा.

पावतीची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. पोलीस, निमलष्करी दल, एनसीसी, सगळीकडे सरावाला काडतुसं मोजून दिली जातात आणि पुंगळ्या मोजून परत घेतल्या जातात. पन्नास दिली तर पन्नास पुंगळ्या, किंवा पुंगळ्या आणि न झाडलेली काडतुसं मिळून पन्नास. हा हिशेब का ठेवतात, ते उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या प्रकरणाने स्पष्ट केलं. एप्रिल २०१० मध्ये छत्तीसगडमधल्या दंतेवाड्याला नक्षलवाद्यांनी केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ७५ जवान आणि एक राज्य पोलीस मारला. त्याच महिन्याच्या अखेरीस रामपुरात पोलिसांच्या विशेष पथकाने एक टोळी पकडली; तिची काडतुसं नक्षलवाद्यांपर्यंत पोहोचत असल्याचा आरोप होता. शस्त्रागारातली जिवंत काडतुसं बाहेर विकायची आणि ती सरावात खर्ची पडली असं दाखवायला रिकाम्या पुंगळ्या जमा करायच्या, असा हा धंदा होता. जप्त केलेल्या मालात पुंगळ्यांचाही साठा होता. तेरा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, रामपूरच्या न्यायालयाने २४ जणांना दोषी ठरवून दहा-दहा वर्षांची शिक्षा दिली. त्यांत सरकारी गणवेशातली माणसंही होती.

म्हणजे बाहेर मोकळी फिरणारी पुंगळी निरुपद्रवी नसते. जिवंत काडतूस चोरणाऱ्याला हिशेब जुळवायला तीच लागते. आपल्या भागाला हे जास्तच लागू आहे. चोपडा तालुक्याची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातलं उमर्टी लागतं, आणि जळगाव जिल्ह्यात गावठी कट्टा व जिवंत काडतुसं पकडल्याच्या बातमीत हे नाव पुन्हा पुन्हा येतं. कट्टा लोहाराच्या भट्टीवर होऊ शकतो. काडतूस तसं होत नाही. त्याला कारखान्याची टोपी, कारखान्याची दारू आणि कारखान्याची पुंगळी लागते. यातली प्रत्येक वस्तू हिशेबात राहिली, तर कट्टा लोखंडाचा तुकडा होऊन पडतो.

म्हणून आता एकेकाने काय करायचं ते पाहू.

पहिला एनसीसीचा कॅडेट. फैजपूरच्या धनाजी नाना महाविद्यालयात एनसीसी आहे आणि तिथली मुलं-मुली जळगावच्या १८ महाराष्ट्र बटालियनच्या शिबिरांना जातात. सरावाला पॉइंट २२ ची रायफल मिळते, पाच-पाच गोळ्या. तिच्या पुंगळीला वेगळी टोपी नसते; पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. पिन कडेवर आपटून ती कड चेपते, त्यामुळे ही पुंगळी पुन्हा भरून वापरण्याजोगी राहत नाही. वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, दीड हजार जमवल्या तर कुठे किलो होईल. इतकी क्षुल्लक वाटते म्हणूनच मुलांना ती आठवण म्हणून ठेवावीशी वाटते. पण नेमबाजी संपली की प्रत्येक कॅडेटला मोठ्याने सांगावं लागतं, की माझ्याजवळ राउंड किंवा खोका, म्हणजे रिकामी पुंगळी, राहिलेला नाही. हे वाक्य खरं असलं पाहिजे. शिस्त शिकवणाऱ्या संघटनेतली पहिली खरी शिस्त हीच आहे, असं मला वाटतं. आठवण हवी असेल तर निशाणाचा कागद मागा. पाच छिद्रं जवळजवळ पडलेला कागद भिंतीवर लावण्यात जास्त अभिमान आहे.

काही मुलं पुंगळीच्या तोंडावर ओठ टेकवून शिट्टी वाजवतात. हे आवर्जून थांबवावं. टोपीच्या मिश्रणात बहुतेक वेळा शिशाचा क्षार असतो, सोबत बेरियम आणि अँटिमनीची संयुगं. बार झाल्यावर त्यांची काळपट पूड पुंगळीच्या आत बसते. लहान मुलाच्या मेंदूला शिसं किती घातक असतं हे आता वादातीत आहे. पुंगळ्या हाताळणाऱ्या प्रत्येकाने खाण्यापिण्याआधी साबणाने हात धुवावेत, आणि सराव झाल्यावर गणवेश बाकीच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा.

दुसरा परवानाधारक. आपल्याकडे पीक संरक्षणासाठी घेतलेल्या बंदुका बहुतेक १२ बोअरच्या. त्यांचं काडतूस रायफलीसारखं पूर्ण पितळी नसतं. नळी प्लास्टिकची किंवा जुन्या मालात पुठ्ठ्याची, बुडाला धातूचं टोपण. खडकीचं शक्तिमान काडतूस जुन्या शिकाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचं. ही नळकांडी बरेचदा वावरात पडून राहतात किंवा पाचटाबरोबर जाळली जातात. दोन्ही वाईट. प्लास्टिक जमिनीत राहतं, आणि ढिगात चुकून एखादं न उडालेलं काडतूस असेल तर ते आगीत फुटतं. काहींकडे इशापूरच्या कारखान्याची पॉइंट ३१५ ची रायफल असते, तिच्या पुंगळ्या मात्र पितळी. दोघांनाही सांगणं एकच: किती घेतली, किती झाडली, कधी आणि कशासाठी, याची वही ठेवा आणि पुंगळ्या त्या वहीबरोबर डब्यात कुलूपबंद ठेवा. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी किंवा नवी काडतुसं घेताना जुन्यांचा हिशेब मागितला गेला, तर ती वही आणि तो डबा हेच उत्तर. वर्षा-दोन वर्षांनी साठलेल्या पुंगळ्या परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात लेखी जमा कराव्यात. त्या घरी पुन्हा भरायच्या फंदात मात्र पडू नये. परदेशात नेमबाज आपल्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात हे खरं आहे, पण आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. शिवाय एकदा फुगलेलं, पावसात ठेवलेलं, मानेला न दिसणारी चीर गेलेलं पितळ पुन्हा तोच दाब सोसेल, याची खात्री वावरातल्या खोपीत करता येत नाही.

कायद्याचं आणखी थोडं. शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, जर ते बाकीच्या भागांशी जोडून वापरायचा इरादा नसेल. शोकेसमधल्या एका रिकाम्या पुंगळीसाठी माणूस तुरुंगात जाईल असं म्हणणं म्हणून बरोबर होणार नाही. पण इरादा काय होता हे ठरतं न्यायालयात, आणि तिथवर पोहोचेपर्यंतचा त्रास सोसावा लागतो तो माणसाला. विमानतळावर तर हे हमखास घडतं. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली पुंगळी किंवा काडतुसासारखा दिसणारा पेंडंट क्ष-किरण यंत्रात दिसला, की सुरक्षा दलाचे जवान माणसाला बाजूला घेतात आणि विमान निघून जातं. पोरांना पुंगळीची किचेन भेट देऊ नका, हे फौजी बंधूंना माझं कळकळीचं सांगणं आहे.

पुंगळीपासून शोभेच्या वस्तू करण्याची हौस जुनी आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी आणि छावणीजवळच्या कारागिरांनी तोफेच्या पुंगळ्यांच्या फुलदाण्या, राखदाण्या, घंटा केल्या. आज त्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण त्या काळीही रिकामी पुंगळी सरकारची मालमत्ता होती आणि ती परत करायची असा नियम होता, कारण युद्धात तांबं-जस्त कमी पडत होतं. कलेला माझा विरोध नाही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन झालं, तेव्हा नंदलाल बोसांनी बांबू आणि आसपासच्या साध्या साहित्यातून अधिवेशनस्थळ टिळकनगर सजवलं होतं. हाताशी असलेल्या वस्तूतून सुंदर काही घडवण्याचा धडा ज्या गावाने पाहिला, तिथल्या तरुणाला पितळ पाहून हात शिवशिवले तर त्यात नवल नाही. त्याने लिलावातून रीतसर आलेलं, वितळवलेलं पितळ घ्यावं. नेमबाजीच्या मैदानावरून उचललेली पुंगळी घेऊ नये.

आणि इथे भंगाराचा विषय येतो, जो सगळ्यात गंभीर आहे. रिकाम्या पुंगळ्यांच्या ढिगात एखादं जिवंत काडतूस राहिलं तर काय होतं, याला पुरावे शोधायला लांब जायला नको. नगरजवळच्या के. के. रेंजवर लष्कराच्या सरावानंतर धातूचे तुकडे गोळा करायला गेलेली आसपासच्या गावची माणसं स्फोटात दगावली आहेत. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा जण गेले. धातूच्या आशेने अशा जागी जाणारा माणूस बहुधा गावातला सर्वांत गरीब असतो. ३० सप्टेंबर २००४ ला गाझियाबादजवळच्या साहिबाबादमध्ये एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे निघाले आणि दहा कामगारांचा जीव गेला. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले.

म्हणून सरकारी पुंगळ्या लिलावात जाण्यापूर्वी एकेक तपासून, त्यात स्फोटक उरलेलं नाही असा दाखला देऊन, बहुधा चेपून मग विकल्या जातात. लिलाव ऑनलाइन होतात आणि घेणाऱ्याला माल कुठून आला याचे कागद मिळतात. जळगाव-भुसावळच्या भंगार बाजारातल्या व्यापाऱ्याने हे कागद मागावेत. कागद नसतील तर माल घेऊ नये, भाव कितीही पडता असला तरी. पुंगळी रिकामी आहे की नाही हे नुसत्या टोपीवरच्या खळग्यावरून ठरवू नका. पिन आपटूनही बार न झालेलं काडतूस असतं, त्याच्या टोपीवर तसाच खळगा असतो. तोंडात गोळी असेल तर ते जिवंत समजायचं. तोंड चुणीदार दुमडून बंद केलेलं असेल तर ते आवाजाचं काडतूस असू शकतं, आणि त्यातही दारू असते. अशी वस्तू हातोड्याने ठोकू नये, ड्रिल लावू नये, तापवू नये. तोफगोळा किंवा त्याचा तुकडा दिसला तर माणसं दूर करून पोलिसांना कळवावं. बॉम्बशोधक पथक येईपर्यंत वाट पाहावी.

तपासलेल्या पुंगळ्यांचं पितळ मात्र फार मोलाचं. ते शुद्ध असतं. बाजारातल्या इतर पितळात, विशेषतः नळ आणि स्क्रूच्या मालात, कापायला सोपं जावं म्हणून शिसं मिसळलेलं असतं. शिशाचं पितळ लेथवर छान कापलं जातं, पण वाटीसारखं खोल ओढू गेलं की फाटतं. एकदा का पुंगळ्या त्या भंगारात मिसळल्या, की त्या पितळाची पुन्हा पुंगळी होत नाही. वेगळ्या ठेवल्या तर होते. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी अशा बिगरलोखंडी धातूंच्याच कामासाठी आहे. निवडायला चुंबक पुरतं: काही देशांत पुंगळ्या पोलादाच्या करून वर रोगण देतात, त्या चुंबकाला चिकटतात; पितळ चिकटत नाही. ५.५६ च्या साधारण १६० पुंगळ्यांना एक किलो पितळ मिळतं, ७.६२ च्या ऐंशी-पंचाऐंशींना.

वितळवताना धोका वेगळा असतो. हे पितळ साडेनऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळतं, आणि जस्त ९०७ अंशांलाच उकळतं. म्हणजे भट्टी नीट सांभाळली नाही तर धातूतलं जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जातं. मिश्रण बिघडतं ते वेगळंच, पण तो धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून निघतं. ओतकाम करणाऱ्यांना हा ताप माहीत असतो. टोपीतल्या शिशाचाही अंश धुरात येतो. ओतारी घराच्या ओसरीवर हे काम करत असेल, तर त्याच्या घरच्या लहान मुलांपर्यंत तो पोहोचतो. त्यामुळे पुंगळ्या वितळवणं हे धूर ओढून घेणारी व्यवस्था असलेल्या कारखान्याचं काम आहे, घरच्या मुशीचं नव्हे.

शेवटी घरातल्या जुन्या ट्रंका. आजोबा फौजेत किंवा पोलिसात होते, ते गेले, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत पदकांबरोबर चार पुंगळ्या आणि कदाचित दोन न उडालेली काडतुसं निघाली. घाबरून ती विहिरीत किंवा तापीत टाकायला लोक निघतात. तसं करू नये. पाण्यात पडलेलं काडतूस पुढच्या उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की पोराच्या हाती लागतं. जिवंत काडतूस असेल तर ते जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करणं हे कायद्याने वारसांचं कर्तव्यच आहे, आणि परवान्याचं कागदपत्र मिळालं तर तेही सोबत द्यावं. काडतुसं स्वतः उचलून मोटारसायकलच्या डिकीत घालून नेण्यापेक्षा आधी फोन करावा, कोण येईल किंवा कसं आणायचं ते विचारावं. रिकाम्या पुंगळ्याही त्याच अर्जात लिहाव्यात: किती, बुडावर काय अक्षरं, कुठे मिळाल्या. अर्ज दोन प्रतींत करावा आणि दुसऱ्या प्रतीवर ठाण्याची तारीखवार पोच घेऊन ती घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावी.